तिसऱ्या मूव्हमेंटनंतर टाळ्या वाजल्या, तर बिघडलं काय?

तिहाई
शनिवारी नरिमन पॉइंटला रशियन संगीतकार चायकोव्स्की ऐकला. आधी पहिला पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे एक पियानो आणि सोबत अख्खा वाद्यवृंद; मध्यंतरानंतर सहावी सिंफनी, म्हणजे ‘पाथेटिक’. वादनाबद्दल तक्रार नाही. पियानोवाल्याने शेवटी शेवटी ऑक्टेव्हचा असा काही मारा केला की पुढच्या रांगेतल्या आजीबाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या. तक्रार आहे ती सभागृहातल्या पोलिसांबद्दल.

सहाव्या सिंफनीची तिसरी मूव्हमेंट, म्हणजे चार भागांतला तिसरा भाग, ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: सुरुवातीला नुसती व्हायोलिनची लगबग असते, त्यातून एक मार्च थोडा थोडा डोकं वर काढतो, आणि शेवटी झांजा, बास ड्रम, सगळी पितळी वाद्यं मिळून असा काही कल्ला करतात की हात आपोआप उठतात. तसे ते उठले. अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. लगेच चार बाजूंनी ‘शूऽऽ’. मागचे एक गृहस्थ शेजारणीला म्हणाले, “अडाणी लोक येतात हल्ली.”

अहो, पण मूव्हमेंट्सच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत हा नियम केला कुणी? बीथोवनची सातवी सिंफनी १८१३ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा झाली, तेव्हा दुसरी मूव्हमेंट लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. हाच पियानो कॉन्चेर्तो १८७५ मध्ये बोस्टनला पहिल्यांदा वाजला, वादक हान्स फॉन ब्यूलो. अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमांत शेवटची मूव्हमेंट त्याला पुन्हा वाजवावी लागायची. म्हणजे ज्यांच्यासाठी हे संगीत लिहिलं ते लोक अडाणी, आणि आपण गप्प बसतो म्हणून जाणकार?

अलेग्रो_नॉन_त्रोप्पो
असहमत. इतर कुठल्याही सिंफनीत एकवेळ चालेल, पण नेमकं ‘पाथेटिक’मध्ये नाही.

सिंफनीचा शेवट दणक्यात करायचा ही तेव्हाची रीत. चायकोव्स्कीने तो दणका तिसऱ्या क्रमांकावर आणून ठेवला आणि त्याला चिकटून ‘अदाजिओ लामेंतोसो’, म्हणजे विलाप. जिंकल्याच्या आवेशातून थेट खाली. मधे टाळ्या आल्या की श्रोता श्वास घेतो, खोकतो, घड्याळ बघतो आणि मग आरामात दुःखी होतो. काही कंडक्टर हात खाली न आणता थेट चौथी सुरू करतात ते याचसाठी.

शिवाय चौथीची पहिली ओळच बघा. कानाला जी सुरावट ऐकू येते ती कुठलाच वादक वाजवत नसतो. एक सूर पहिल्या व्हायोलिनचा, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनचा, असं वाटून दिलंय. जुन्या पद्धतीने दोन्ही गट समोरासमोर बसवले तर ती ओळ मंचावर डावी-उजवी झोके घेते. ज्या माणसाने एवढं बारीक काम करून ठेवलंय, त्याच्या पहिल्या चार सुरांवर तुमच्या टाळ्यांचं शेपूट लोळत होतं. मी हजर होतो, म्हणून सांगतोय.

तिहाई
मान्य, काम बारीक आहे. पण चायकोव्स्की १८९३ मध्ये लिहीत होता हो. तेव्हाचा श्रोता मूव्हमेंट संपली की टाळ्या वाजवायचा, आणि हा गडी स्वतः कंडक्टर म्हणून गावोगाव फिरलेला, त्याला हे पक्कं ठाऊक. तिसरी अशी लिहिली तर लोक उसळणार हे त्याला कळत नव्हतं? मला तर वाटतं टाळ्या हा त्या सापळ्याचाच भाग आहे. लोकांना आधी खूश होऊ द्यायचं, मग पायाखालची सतरंजी ओढायची. जो गप्प बसला तो सापळ्यात सापडलाच नाही.

अलेग्रो_नॉन_त्रोप्पो
“त्याला ठाऊक होतं” यावरून “त्याला हवं होतं” हे सिद्ध होत नाही. बाकी ‘सतरंजी’ झकास.

मंद्र
शूऽऽ करणाऱ्यांपैकी एक मी. ‘अडाणी’ म्हणणारा मी नव्हे, ते गृहस्थ माझ्याही मागे होते.

मध्यंतराआधी कॉन्चेर्तोच्या पहिल्या मूव्हमेंटनंतर टाळ्या पडल्या तेव्हा मी काही बोललो नाही. ती मूव्हमेंट वीस मिनिटं चालते, शेवट जंगी आहे, पियानोवादक घामाघूम झालेला असतो. द्या दाद. पण खरा गुन्हा शेवटी घडला, त्याबद्दल कुणी का बोलत नाही? सिंफनी चेलो आणि डबल बासवर विरत जाते, अगदी ऐकू येईल न येईल इतकी. तो सूर अजून संपलेला नाही, कंडक्टरचा हात वर आहे, आणि बाल्कनीतून एक ‘ब्राव्होऽऽ’. मी त्याला शूऽऽही करू शकलो नाही, इतका राग आला. तिसऱ्या मूव्हमेंटनंतर टाळ्या वाजवणारा निदान संगीत ऐकून वाजवतो. हा ‘मला कळलं की संपलं’ हे सांगायला ओरडतो.

तिहाई
+१. त्या ब्राव्होवाल्यावर आपलं एकमत.

पेठेतला_रसिक
सवाईला ख्यालाच्या मधे दाद देतोच की आपण. समेवर आला की ‘क्या बात है’. कलाकार त्यावर फुलतो. या सुटाबुटातल्या शांततेत मला तरी गुदमरायला होतं.

अलेग्रो_नॉन_त्रोप्पो
ख्याल गाणारा तुमची दाद ऐकून पुढची जागा घेतो, विस्तार वाढवतो. समोर नोटेशन ठेवून बसलेल्या ऐंशी माणसांनी तुमच्या ‘क्या बात है’चं काय करायचं?

मांडवीकाठ
आमच्या आजोबांची गोष्ट सांगतो. ते गोव्यात चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि सॉल्फेज (नोटेशन बघून सूर गाणं) शिकले, मग मुंबईत आले आणि दिवसभर हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. त्या काळातले अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावं तुम्ही ऐकली असतील. असे शेकडो गोंयकार स्टुडिओंत होते, ज्यांची नावं कुठल्याच तबकडीवर नाहीत. संध्याकाळी यातलेच काही जण सिंफनी वाजवायला जायचे. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, पण मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी हा वाद्यवृंद १९३५ मध्येच उभा केला होता. तेव्हा ‘हल्ली लोक येतात’ म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा.

आजोबांना टाळ्यांचं काही वाटायचं नाही. पण ते स्वतः कधी मधे वाजवायचे नाहीत, कारण आमच्याकडे हे संगीत आलं चर्चमधून आणि मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) चालू असताना कोण टाळ्या वाजवतो? सवय आहे ती. त्यात जाणकारी बिणकारी काही नाही.

खडीसाखर_नको
टाळ्यांचं सोडा, मुळात एवढं डोक्यावर घेण्यासारखं आहे काय त्यात? कॉन्चेर्तोची ती जगप्रसिद्ध सुरुवातीची धून एकदा येते, मिरवते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. पुढचा अर्धा तास माणूस तिची वाट बघतो. आणि ‘पाथेटिक’ म्हणजे पाऊण तास रडगाणं. मला विसाव्या शतकातला रशियन संगीतकार शोस्ताकोविच द्या. निदान त्याचं दुःख स्वतःपुरतं नसतं.

मंद्र
रडगाणं? दुसरी मूव्हमेंट ऐकली का? वॉल्ट्झसारखी डौलदार, पण पाच मात्रांत. दोन-तीन, दोन-तीन. झपतालावर वाढलेल्या माणसाला ती चटकन पकडता येते. माझ्या शेजारी बसलेले तबलजी मित्र मांडीवर ठेका धरून बसले होते, शूऽऽ करावं लागलं. (हो, त्यांनाही.)

धून परत येत नाही हे खरं. मला तेच आवडतं.

वास्तववादी
युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना रशियन संगीताची पूर्ण संध्याकाळ ठेवणं कितपत योग्य, यावर कुणीच बोलत नाहीये. मार्च २०२२ मध्ये कार्डिफच्या वाद्यवृंदाने चायकोव्स्कीची ‘१८१२’ ही रचना कार्यक्रमातून काढली होती.

अलेग्रो_नॉन_त्रोप्पो
‘१८१२’मध्ये तोफा आहेत आणि रशियाच्या विजयाचा जल्लोष आहे, तिथे निदान मुद्दा समजतो. पण शनिवारच्या कॉन्चेर्तोच्या पहिल्या आणि शेवटच्या मूव्हमेंटमध्ये युक्रेनी लोकधुना आहेत. पहिलीतली धून त्याने युक्रेनमधल्या कामेन्का गावी आंधळ्या भिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली. बहिष्कार घालायचा तर कुणावर ते आधी ठरवा. विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा.

शिवडीचा_चेलो
मूळ विषयावर येतो. शनिवारचा कार्यक्रम कुणी बसवला माहीत नाही, पण त्याला दाद. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘पाथेटिक’ पहिल्यांदा झाली, चायकोव्स्कीच कंडक्टर, आणि त्याच संध्याकाळी हाच पियानो कॉन्चेर्तोही होता, आडेले आउस डर ओहे हिने वाजवलेला. सिंफनी ऐकून लोक बुचकळ्यात पडले. नावडली असं नाही, काय करावं कळेना.

नऊ दिवसांनी चायकोव्स्की वारला. कॉलरा. वय ५३. मग १८ नोव्हेंबरला नाप्राव्निक या कंडक्टरने तीच सिंफनी त्याच शहरात वाजवली आणि लोक रडले. संगीत तेच. म्हणजे ‘ही सिंफनी कशी ऐकावी’ हे लोकांना त्या मृत्यूने शिकवलं, आणि सव्वाशे वर्षं आपण तसेच ऐकतोय, श्राद्धाला बसल्यासारखे. पहिल्या रात्री ज्यांनी ऐकली त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तिहाई, तुमच्या टाळ्या त्या पहिल्या श्रोत्यांच्या जास्त जवळ आहेत.

मंद्र
पण ते संगीत मृत्यूच्या आधीच लिहून झालं होतं ना? शेवटचे चेलो त्याने जिवंतपणीच विझवले होते. पहिल्या रात्री लोकांना कळलं नाही म्हणून आपणही न कळल्यासारखं ऐकायचं, हा कुठला न्याय?

तिहाई
माझा मुद्दा साधा आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘मूव्हमेंट्सच्या मधे टाळ्या वाजवू नयेत’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्याऐवजी चार ओळीत लिहा की तिसरीचा शेवट फसवा आहे, पुढे संथ, काळोखी मूव्हमेंट येते. मग वाजवायच्या की नाही ते नव्या श्रोत्याला ठरवू द्या. लोक लहान मुलं नाहीत.

अलेग्रो_नॉन_त्रोप्पो
म्हणजे पुढे काय येणार ते आधीच सांगून टाकायचं? त्यापेक्षा तुमच्या टाळ्या परवडल्या.