फूबार२००० साठी लेम नवं घ्यावं की सरळ ओपसवर जावं?

टाळकरी:
वडिलांच्या भजनी मंडळाच्या ४० कॅसेटी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता साठवणारा फाइल-प्रकार) उतरवून झाल्या. आता मंडळींना पेन ड्राइव्हवर द्यायच्या आहेत. फूबार या म्युझिक प्लेअरच्या कन्व्हर्टरला जोडलेलं लेम (एमपी३ बनवणारा एन्कोडर) पाहिलं तर ३.९८.४ निघालं, म्हणजे २०१० चं! ३.१०० टाकू, की एमपी३ कायमचं सोडू? माझा कल ओपस या एमपी३ पेक्षा नव्या फाइल-प्रकाराकडे आहे. १२८ केबीपीएसला एमपी३ केलं की टाळेचा ठोका पडायच्या आधीच बारीक ‘सस्स’ ऐकू येतं.

जुनी_कॅसेट:
ओपस करून कोण वाजवणार? देवळातल्या स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला की बहुतेक वेळा एमपी३ तेवढं दिसतं. लेम ३.१०० टाका (तेही २०१७ चंच आहे), लेम.एक्सईची जुनी फाइल काढून तिथे नवी ठेवली की काम झालं. १२८ सोडा, व्ही२ (लेमची बदलत्या बिटरेटची सेटिंग) घ्या, साधारण १९० केबीपीएस पडतं.

नादखुळा:
साफ असहमत. तो ‘सस्स’ एमपी३ च्या घडणीतच आहे. आवाज तुकड्यातुकड्यांनी दाबला जातो, त्यामुळे अचानक आलेल्या ठोक्याची खरखर त्याच्या आधीच्या शांततेत सांडते. एन्कोडर नवा घेतला तरी ती कमी होईल, जाणार नाही. ओपस २०१२ पासून प्रमाणित आहे, फुकट आहे, आणि १२८ ला ही टाळ फार स्वच्छ देतं. आज कुठल्याही अँड्रॉइड फोनवर वाजतं. देवळातल्या एका डब्यासाठी सगळ्यांनी कमी दर्जाचं का ऐकायचं?

जुनी_कॅसेट:
कारण मंडळातली माणसं सत्तरीची आहेत, आणि ती त्याच डब्यावर ऐकतात.

टाळकरी:
काल रात्री फूबारमध्येच एबीएक्स (कुठली फाइल वाजतेय ते न सांगता नुसतं ऐकून ओळखायची चाचणी) लावून बसलो, हेडफोन घालून, टाळेचे तेच दहा सेकंद. १२८ चं एमपी३ १६ पैकी १४ वेळा ओळखलं. लेम ३.१०० च्या व्ही२ ला १६ पैकी ९, म्हणजे नुसता अंदाजच. ओपसलाही ८.

नादखुळा:
मग व्ही२ द्या, माझी हरकत नाही. पण १२८ च्या जुन्या फाइली नव्या लेममधून पुन्हा काढू नका, गेलेलं परत येत नाही. प्रत्येक वेळी फ्लॅकवरूनच काढा.

टाळकरी:
फ्लॅक दोन डिस्कवर ठेवलंय. पेन ड्राइव्हवर व्ही२ जातंय, माझ्या फोनवर ओपस.