'आनुवंशिक' की 'अनुवांशिक'? आणि आपला 'वाण'?

तापीकाठ : कृषी पदविकेच्या पोरांसाठी टिपण लिहितोय. अनुवंशिक, अनुवांशिक, आनुवंशिक, तिन्ही छापलेले दिसतात. बरोबर कोणता? आणि आमच्या यावल-चोपड्याकडे 'घरची सरकी लावली तर वाण राहत नाही' म्हणतात, ते यातच येतं का?

जोडाक्षर : आनुवंशिक. अनुषंग-आनुषंगिक, तसंच अनुवंश-आनुवंशिक. 'वं'वर काना कुठून आला देव जाणे.

गावरान : 'वाण राहत नाही' हे अगदी नेमकं आहे, भाऊ. संकरित कपाशीचं पाकीट म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी, म्हणून शेत एकसारखं दिसतं. त्याच कपाशीची सरकी पुढच्या वर्षी लावली की दडलेले गुण नव्या जोड्यांनी बाहेर पडतात: एक झाड उंच, एक बुटकं, बोंडं लहानमोठी. मेंडेलने 1866 साली वाटाण्याबद्दल छापलं ते हेच. उंच आणि बुटक्याच्या संकरातली पहिली पिढी सगळी उंच. दुसरीत साधारण तीन उंचांमागे एक बुटकं परत. अशा दडलेल्या गुणाला पुस्तकात 'अप्रभावी' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, पोरांना वाटतं गुण निकामीच झाला. 'प्रच्छन्न' बरा.

बामणोदच्या भरताच्या वांग्याचं निराळं. सरळ वाण, म्हणजे संकरित नाही, फुलं बहुतेक आपल्याच परागावर फळतात, म्हणून घरचं बी चालतं. फक्त शेजारी दुसरं वांगं नको, माश्या पराग आणतात.

तापीकाठ : आणि केळी?

गावरान : तिथे 'पिढी' शब्द जपून वापरा. खायच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच, बी धरतच नाही. कंद लावा, टिश्यूचं रोप आणा नाहीतर पिलबाग ठेवा (जुन्या झाडाच्या बुडाशी आलेलं पिलच वाढवा), झाड मूळचंच. क्वचित एखाद्या पिलात उत्परिवर्तन होतं, तेवढाच बदल. बसराई आणि ग्रँड नैन एकाच कॅव्हेंडिश गटातल्या. त्यांच्या उंचीतला फरक असाच आलेला.

जोडाक्षर : गंमत बघा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' इथे वाण म्हणजे वर्ण, रंग. तो जन्माचा, आणि गुण संगतीचा. शास्त्रात मात्र गुणसूत्रातला 'गुण' जन्माचाच! टिपणात 'गुण'ऐवजी 'लक्षण' लिहा.

तापीकाठ : लक्षण म्हटलं की आमची पोरं करपा शोधतील, दादा. 'गुणधर्म' करतो.