अभ्यासाच्या खोलीतला आवाज : सोसायटीच्या ग्रुपवरून

ए-३०४ : चिरंजीवांचं दहावीचं वर्ष. समोर ड्रिलिंग, खाली मुलं, संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊन टाकू का?

बी-७०२ : ताई, थांबा. हे हेडफोन पंखा, एसी, इंजिन अशी सलग घरघर छान मारतात. बोलणं त्यातून बऱ्यापैकी ऐकू येतं, आणि वाचताना नडतं ते बोलणंच. शब्द कळला की ओळ तुटते, म्हणून हॉलमधली मालिका हळू आवाजातही नको. (ती बंद करायला खर्च शून्य 🙂) पाठांतराला शब्दांची गाणीही नकोत. गणितं सोडवताना नुसती सतार-बासरी चालेल.

सी-१०१ : आधी खिडकी बघा. पंखा बंद करून स्लायडिंगच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे हलतो, तिथून आवाज शिरतो. बहुतेक वेळा ट्रॅकमधली वूल पाइलची (ब्रशसारख्या केसांची) पट्टी झिजलेली असते, ती बदला. दाराखालच्या फटीला डोअर सील. अंड्यांचे ट्रे आणि जाड पडदे खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत.

ए-३०४ : आणि इअरप्लग?

बी-७०२ : फोमचे घ्या, मेडिकलमध्ये मिळतात. पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून ३० सेकंद बोटाने धरायचा. अर्धा बाहेर राहिला तर घालून न घातल्यासारखंच. मळला की फेका. ढोलाचा घुमणारा ठोका मात्र प्लगनेही पुरता जात नाही, काचेनेही नाही. त्या वेळात आकृत्या, लेखन; पाठांतर पहाटे.

डी-५०३ : खालचा गलका झाकायला पावसाचा आवाज किंवा ब्राऊन नॉइज (धबधब्यासारखी खोल, सलग घरघर) लावा. स्पीकर टेबलावर नको, खिडकीपाशी ठेवा. बाहेरचे शब्द कळेनासे झाले की बास, त्यापुढे वाढवू नका. हेडफोनवर ऐकणार असेल, तर मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास.

सी-१०१ : सराव पेपर मात्र कानात काहीही न घालता, पंख्याखाली, सलग ३ तास. बोर्डाच्या वर्गात ब्राऊन नॉइज नसतो.

ए-३०४ : काका, वूल पाइल किती मिलिमीटरची आणू?

सी-१०१ : जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा ओढून काढा आणि दुकानात दाखवा. रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळायला हवी. उंच घेतली तर खिडकी सरकणार नाही.