नव्या .२२ रायफलचा ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरतोय, कुठे चुकतंय?

भोसरीचा_फिटर

मंडळी, मी मुळात दहा मीटर एअर रायफलवाला. वय ४७, भोसरीत टर्निंग-मिलिंगचं छोटं शॉप. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं नेमबाजी) ब्राँझ घेतलं, तेव्हा दोन लेथ बंद ठेवून सगळे एका मोबाईलभोवती उभे होतो. ५० मीटरचं खूळ तेव्हापासून. लायसन्स, परवानग्या, कस्टम या सगळ्यातून पार पडून या महिन्यात रायफल हातात आली. .२२, बोल्ट अ‍ॅक्शन, सिंगल शॉट, लाकडी स्टॉक (दस्ता).

आता माझी खोड. नवी वस्तू जशी आली तशी मला वापरवत नाही. माझे हात लांब, म्हणून बटप्लेटमागे (ती खांद्याला टेकते) १२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर बनवला. त्यासाठी स्टॉक तेवढा वेगळा करून शॉपमध्ये नेला होता, बाकी रायफल घरी कुलपात. चीकपीस (गालाचा टेकू) उचलला, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा खुंट) पुढे सरकवला, ट्रिगरचा पहिला टप्पा लांबवला आणि बॅरलच्या तोंडाशी १८० ग्रॅमचं पितळी वजन चढवलं. सगळं मिळून ६.९ किलो. मर्यादा ८ ची, त्यामुळे तिथे चिंता नाही.

रविवारी सकाळी बालेवाडीला सँडबॅगवर टेकवून दहा-दहाचे चार ग्रुप मारले. छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत आडवा पसारा १३ मिमी, उभा २७! चारही तसेच. दहाचं वर्तुळच १०.४ मिमीचं, म्हणजे ग्रुप मधोमध धरला तरी खाली-वरचे शॉट नऊवर जातायत. गोळ्या तीन वेगवेगळ्या बॉक्समधल्या होत्या. एवढे पैसे घालून असा उभा ग्रुप पाहिल्यावर घरी कोणाशी बोललो नाही.

प्रोनवाली_ताई

दादा, एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्यात, आता दोष कोणाच्या माथी मारणार? आधी ते पितळ काढा. गोळी बाहेर पडते त्या क्षणी बॅरलचं तोंड थरथरत असतं. तिथे वजन टांगलं की ती थरथर बदलते. कधी फायदा होतो, कधी नेमका उलटा. पण तो प्रयोग सगळ्यात शेवटी.

वाऱ्यावर ढकलू नका. आपल्या बॅरलचे आटे उजवे असतात, त्यामुळे वारा डावी-उजवीकडून आला की ग्रुप तिरका पडतो, घड्याळातल्या दहा ते चार या रेषेवर. सरळ उभा पडत नाही.

तीन बॉक्स म्हणजे तीन ब्रँड का? असतील तर ग्रुप धरूच नका. प्रत्येकाच्या गोळीवरचं वंगण वेगळं. ब्रँड बदलल्यावर पहिले पंधरा-वीस शॉट बॅरल जुनं वंगण टाकून नवं धरत असते. आणि सँडबॅग फोरएंडखाली (स्टॉकचा पुढचा भाग) दर वेळी एकाच जागी हवी. बॅरल तर चुकूनही टेकवायची नाही.

सदाशिव_पेठी

रायफल फॅक्टरीत नीट बसवलेली होती. तुम्ही ती सुधारलीत. यापुढे काय बोलणार.

क्रोनो_काका

थोडं गणित. या गोळीला ५० मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती बारा सेंटीमीटर खाली येते. वेग ३२५ मीटर/सेकंदाच्या आसपास. त्यात ३ मीटरचा फरक पडला तर दोन-अडीच मिमी खाली-वर, १० मीटरचा पडला तर आठ मिमी, म्हणजे आख्खी एक रिंग. स्वस्त गोळीत एवढा फरक सहज निघतो. पण २७ मिमी नुसत्या वेगानं होत नाही हो. आणखी काहीतरी आहे. अ‍ॅक्शन (बॅरलमागचा बोल्ट बसतो तो भाग) स्टॉकला धरणारे स्क्रू टॉर्क रेंचने (ठराविक ताणाने आवळणारा पाना) आवळलेत की हातानेच? लाकडी स्टॉक आहे, पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, स्क्रूचा ताण बदलतो. दर जूनमध्ये मी माझे तपासतो.

वेल्ह्याचा_पोरगा

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक जाड बॅरलच्या व्हार्मिंट (उपद्रवी प्राणी मारायच्या) रायफली ट्यून करतात, त्यात हेच सगळं दाखवतात. दादा, आमच्याकडे रानडुकरं भुईमूग उकरतात. जमली की घेऊन या की एकदा.

भोसरीचा_फिटर

@वेल्ह्याचा_पोरगा, माझा आतेभाऊही हेच म्हणतो. बाबा रे, रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. माझं लायसन्स खेळासाठी आहे, आणि ही ४० ग्रेनची गोळी कागदासाठी. डुक्कर नुसतं जखमी होऊन अंगावर येईल. नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा लवकर मागा.

@काका, स्क्रू हातानेच आवळले होते. शॉपमध्ये पोरांना याच गोष्टीवरून ओरडतो, त्यामुळे लिहितानाही लाज वाटतेय.

प्रोनवाली_ताई

मग तुमच्याकडे डायल गेज असेलच. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, डायलचं बूड फोरएंडला धरा आणि टोक बॅरलवर. पुढचा स्क्रू हळूहळू सोडा. काटा जागचा हलला नाही तर बेडिंग (स्टॉकमधली बैठक) ठीक. पॉइंट शून्य पाच मिमीच्या पुढे गेला तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये वाकून बसलीय.

भोसरीचा_फिटर

ताई, नमस्कार स्वीकारा.

आधी स्क्रू सोडून पाहिले. पुढचा ५ न्यूटन-मीटरला सुटला, मागचा तीनच्याही आधी. डायल लावला तर काटा पॉइंट चौदा! जॉबवर एवढं आलं असतं तर गिऱ्हाइकानं लॉट परत पाठवला असता. अ‍ॅक्शन उचलली. मागच्या स्क्रूच्या भोकाशेजारी, लाकडावर अ‍ॅल्युमिनियमची चिप चिकटलेली. नखाच्या कपच्याएवढी. माझ्याच स्पेसरची, माझ्याच शॉपमधली. स्टॉकला हवा मारली होती, पण वरूनच.

@सदाशिव_पेठी, तुमचं खरं आहे. बोला अजून.

साफ केलं, दोन्ही स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळले, काटा आता पॉइंट शून्य दोन. पितळ काढलं. स्पेसर ठेवलाय, तो निर्दोष आहे.

काल परत बालेवाडी. बॉक्स तीन ब्रँडचे नव्हते, ब्रँड एक आणि लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) तीन होते. तरी दर लॉटला आधी दहा शॉट सोडून दिले, मग दोन-दोन ग्रुप. पहिल्या लॉटचा उभा पसारा १८ मिमी, दुसऱ्याचा १७. तिसऱ्याचा १३, आडवा ११. ब्रँड तोच, किंमत तीच, खोक्यावरचा लॉट नंबर तेवढा वेगळा. यावर काकांनी सवडीनं लिहावं, कारण माझ्या डोक्यात हे अजून बसत नाही.

सँडबॅग काढून स्लिंगवर (दंडाला बांधायचा पट्टा) प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, मारले तेव्हा पुन्हा २२ झाले, पण ते माझे आहेत, रायफलचे नाहीत. तिसऱ्या लॉटचे किती बॉक्स शिल्लक आहेत ते विचारून ठेवलंय. सोमवारी कळेल.

क्रोनो_काका

मिळतील तेवढे उचला. लॉट संपला की परत पहिल्यापासून.