थंडरबोल्टवरील बाह्य ग्राफिक्स कार्ड दिसते, पण ‘कोड १२’ येऊन चालत नाही

प्रश्न

माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट ३ (टाइप-सी आकाराचा वेगवान) पोर्ट आहे आणि आत ४ जीबी मेमरीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्डही आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घरांच्या अंतर्गत सजावटीची चित्रे रेंडर (म्हणजे अंतिम चित्र तयार) करताना ही मेमरी अपुरी पडू लागली, म्हणून मी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय असलेले एनक्लोजर (बाह्य कार्ड बसवायची पेटी) आणि १२ जीबी मेमरीचे एक वापरलेले कार्ड घेतले. दोन्ही कार्डे एकाच कंपनीच्या चिपची आहेत. केबल जोडली की एनक्लोजरचा दिवा लागतो, कार्डाचे पंखे क्षणभर फिरून थांबतात आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (उपकरणांच्या यादीत) कार्डाचे नाव पिवळ्या त्रिकोणासह उमटते. गुणधर्मांत ‘कोड १२’ असून उपकरणाला पुरेशी मोकळी संसाधने मिळत नसल्याचे लिहिलेले आहे. ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला, तरी फरक पडला नाही. विक्रेत्याच्या मते दोष केबलचा आहे, परंतु नवी केबल स्वस्त नसल्याने ती घेण्यापूर्वी येथे विचारत आहे.

पहिले उत्तर

केबलच्या टोकावर विजेचे चिन्ह आहे का, ते आधी पाहावे. टाइप-सी च्या सगळ्या केबली दिसायला सारख्याच असतात, पण फोन चार्ज करण्याची केबल येथे चालत नाही. साध्या, म्हणजे आत चिप नसलेल्या केबलची लांबी जास्त असेल तर वेग ४० वरून २० गिगाबिटवर येतो. मला तरी विक्रेत्याचे म्हणणे पटते.

दुसरे उत्तर

केबलविषयीची माहिती बरोबर आहे, पण या प्रकरणात तिचा दोष असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. केबल, पोर्ट किंवा थंडरबोल्टची परवानगी यांपैकी कशातही अडचण असती, तर कार्डाचे नाव यादीत उमटलेच नसते. येथे विंडोजने कार्ड ओळखले आहे, फक्त त्याला जागा देता आलेली नाही. पंखे थांबणे हाही बिघाड नव्हे. हल्लीची बरीच कार्डे थंड असताना पंखे बंदच ठेवतात.

ही ‘जागा’ म्हणजे रॅम नव्हे, त्यामुळे रॅम वाढवून काही साधणार नाही. प्रोसेसरला कार्डाशी बोलण्यासाठी पत्त्यांचा एक सलग पट्टा लागतो, आणि ग्राफिक्स कार्डाचा पट्टा सहसा २५६ एमबीचा असतो. बायोस (लॅपटॉप चालू होताच विंडोजच्या आधी चालणारे मूळ सॉफ्टवेअर) सुरुवातीलाच हे पट्टे वाटून टाकतो. अनेक लॅपटॉपांत ते पत्त्यांच्या पहिल्या ४ जीबींच्या आतच बसवावे लागतात, आणि तेथे आपल्या आतल्या कार्डाने आधीच बैठक मारलेली आहे. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतले कार्ड ‘डिसेबल’ करावे, ते ‘अनइन्स्टॉल’ करू नये, आणि मग बाह्य कार्ड जोडलेले ठेवूनच लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही, कारण फास्ट स्टार्टअप (विंडोजची झटपट सुरू होण्याची सोय) चालू असेल तर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि जुनीच मांडणी परत येते. एवढ्याने भागले नाही, तर बायोसची नवी आवृत्ती टाकून पाहावी आणि त्यात ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा (४ जीबींच्या पलीकडचे पत्ते वापरू देणारा) पर्याय आहे का ते शोधावे. लॅपटॉपांत तो क्वचितच उघड ठेवलेला असतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आतले कार्ड बंद करून रीस्टार्ट केल्यावर पिवळा त्रिकोण गेला. जे चित्र साडेनऊ मिनिटे घेत होते, ते अडीच मिनिटांत झाले. मनःपूर्वक आभार. मात्र मुलाने खेळ लावून पाहिला, तेव्हा तो अपेक्षेहून बराच अडखळत चालला. मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला जोडलेला आहे.

तिसरे उत्तर

मॉनिटरची वायर लॅपटॉपमधून काढून थेट बाह्य कार्डाच्या मागे लावावी. सध्या कार्डाने तयार केलेली प्रत्येक चौकट (फ्रेम) त्याच थंडरबोल्ट केबलवरून लॅपटॉपकडे परत येते आणि जाणाऱ्या माहितीच्या वाटेत अडथळा होते. थंडरबोल्ट ३ चा वेग ४० गिगाबिट सांगितला जातो, परंतु कार्डाला मिळणारी वाट पीसीआय एक्सप्रेस ३ (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) च्या चार लेनपेक्षा, म्हणजे ३२ गिगाबिटपेक्षा, मोठी कधीच नसते आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच भरते. रेंडरमध्ये संपूर्ण देखावा एकदाच कार्डाच्या मेमरीत चढतो, त्यामुळे तेथे ही अडचण फारशी जाणवत नाही. खेळात मात्र प्रत्येक चौकटीसाठी देवाणघेवाण चालू असते. वायर बदलल्यावरही डेस्कटॉपइतका वेग मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

वायर कार्डाला लावल्यावर अडखळणे बरेच कमी झाले. लॅपटॉप ‘स्लीप’मधून उठला की कधीकधी कार्ड यादीतून नाहीसे होते, म्हणून तूर्त स्लीप बंदच ठेवले आहे. केबल जुनीच आहे.