फुटबॉलपटू गाड्यांमुळे बुडतात?

तटरेषा: निवृत्तीनंतर कंगाल झालेल्या फुटबॉलपटूंची मला कीव येत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा पगार गाड्या-घड्याळांत उडवतात. निम्मा बाजूला टाकला असता तर जन्माची ददात मिटली असती.

चौथा पंच: हातातच निम्म्याहून थोडा जास्त येतो, त्यातून निम्मा कसा टाकणार? वर्षाला १,२५,१४० पौंडांच्या वर ४५ टक्के आयकर, शिवाय २ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी. आणि गाडीत गेलेला पैसा गेला तेवढाच जातो. खरे बुडाले ते फिल्म पार्टनरशिपवाले, म्हणजे चित्रपटांत पैसे घालणाऱ्या भागीदारीत शिरलेले. थोडे स्वतःचे घाल, बाकी कर्ज काढ, पहिल्याच वर्षी तोटा दाखवून पगारावरचा कर परत घे, असा सल्ला. पुढे चित्रपटाचं उत्पन्न परस्पर कर्जफेडीत जातं. खेळाडूला छदाम दिसत नाही, कर मात्र त्याच्या नावावर. त्यात करखात्याने तोटाच नाकारला. २०१४ च्या कायद्यानंतर तर आधी ९० दिवसांत पैसे भरा, भांडण नंतर. तोवर खेळ थांबलेला, पगार बंद!

तटरेषा: म्हणजे कर चुकवायलाच गेले ना? इमेज राइट्सच्या, म्हणजे जाहिरातींत नाव-चेहरा वापरण्याच्या हक्कांचे पैसे घेणाऱ्या खेळाडूंच्या कंपन्याही त्यासाठीच. मेस्सी विसरलात?

ताळेबंद: ते का उगाळता? मेस्सीच्या प्रकरणात बेलीझ आणि उरुग्वेतल्या कंपन्या होत्या. ४१ लाख युरोंचा कर बुडवल्याबद्दल २०१६ मध्ये २१ महिन्यांची शिक्षा झाली. इंग्लंडमधली उघड कंपनी वेगळी. हिशेब मांडा. कंपनीत १०० पौंड आले, २५ कंपनी कर. उरलेले ७५ लाभांश म्हणून काढले की ३९.३५ टक्के. हातात साडेपंचेचाळीस. तेच पगारात आले असते तर ५३! पैसा आत गुंतवून ठेवला तरच फायदा.

चौथा पंच: आणि तो आत राहत नाही, हीच तर बोंब आहे. घरासाठी कंपनीकडून उसने काढतात. हिशेबाचं वर्ष संपून ९ महिने झाले तरी फेडले नाहीत, की कंपनीला वेगळा कर.

ताळेबंद: उसने फेडल्यावर तो कर परत मिळतो. अर्धवट सांगू नका.

चौथा पंच: फेडायला पैसे कुठून आणणार? तेच तर नसतात!

डावा बॅक: एजंटांबद्दल कुणीच कसं बोलत नाही? खेळाडूच्या वतीने क्लब एजंटला कमिशन देतो, ते खेळाडूचा लाभ म्हणून धरतात आणि कर खेळाडू भरतो. न पाहिलेल्या पैशांवर!

तटरेषा: सरळ पेन्शनमध्ये टाका ना मग.

ताळेबंद: उत्पन्न ३,६०,००० च्या वर गेलं की करसवलत वर्षाला फक्त १०,००० पौंडांपर्यंत. या पगारापुढे ते किती?

तटरेषा: बरं, गाड्यांवर सगळं खापर फोडणं चुकलं. पण कागदावर सही कुणाची असते?

चौथा पंच: सही त्याचीच, मान्य. म्हणून सहीआधी विचारायचं, सल्लागाराला पैसे कोण देतं, खेळाडू की स्कीमवाला? आणि विम्याची कलमं वाचायची. कारकीर्द संपवणाऱ्या दुखापतीचा विमा करार न वाढल्याचे पैसे देत नाही, आधी दुखावलेला गुडघाही बहुधा वगळलेला असतो. घराचा हप्ता आजच्या पगारावर बेतू नये. क्लब खालच्या श्रेणीत घसरला, की अनेक करारांत पगारकपातीचं कलम पुढच्या मोसमापासून लागू होतं.