लोबेरांच्या संघबांधणीला गुण द्यायचे ते कशाच्या आधारावर?

फोंडेकर
२०१६ च्या इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत आपला एफसी गोवा आठ संघांत आठवा आला. त्याआधीच्या वर्षी मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या घरच्याच मैदानावर चेन्नईयन संघाने अंतिम सामना ३-२ असा आपल्या हातातोंडाशी येऊन हिरावून नेला होता, आणि त्या धक्क्यातून संघ सावरलाच नाही. प्रशिक्षक झिको गेले, २०१७ मध्ये त्यांच्या जागी सर्जिओ लोबेरा आले. पहिल्याच हंगामात १८ सामन्यांत ४२ गोल आणि तिसरा क्रमांक. पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक, अंतिम फेरी आणि सुपर कप. तरीही ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना आणि साखळीचे तीनच सामने उरले असताना, त्यांना निरोप देण्यात आला.

माझे म्हणणे असे की प्रशिक्षकाची संघबांधणी तो गेल्यानंतर काय टिकते यावरून जोखावी. ते तीन सामने हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली आपण ४-१, ५-२ आणि ५-० असे जिंकले, साखळीत पहिले आलो आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. माणूस गेला तरी पद्धत चालू राहिली, याहून मोठी पावती कोणती?

म्हापसेकर
हाच दाखला उलटाही वाचता येतो. प्रशिक्षक नसताना तीन सामन्यांत १४ गोल होत असतील, तर तो प्रशिक्षक अपरिहार्य होता असे कसे म्हणावे? व्यवस्थापनाचा निर्णय चुकला असता तर संघ कोसळायला हवा होता.

दुसरा मुद्दा बाद फेरीचा. २०१८ च्या उपांत्य फेरीत चेन्नईत ०-३. २०१९ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत आपला एक खेळाडू कमी झाल्यावर बेंगळुरूच्या राहुल भेकेचा गोल. आक्रमण पाहायला सुरेख, परंतु पुढे गेलेले बगलेवरचे खेळाडू परत येईपर्यंत मागे मोकळे रान, ही खोड तीन वर्षांत पुरती मोडली नाही. दीर्घकालीन बांधणी म्हणायचे आणि तीच चूक दरवर्षी खपवून घ्यायची, हे मला पटत नाही.

फोंडेकर
खोड पुरती मोडली नाही हे मान्य, पण काहीच सुधारले नाही हे मान्य नाही. साखळीच्या १८-१८ सामन्यांत पहिल्या हंगामी आपण २८ गोल खाल्ले, दुसऱ्या हंगामी २०. मंदार राव देसाईचे उदाहरण घ्या. २०१४ पासून तो आपल्याकडे डाव्या बगलेवर आक्रमक म्हणून खेळत असे. लोबेरांनी त्याला मागे आणून डावा बचावपटू केले. समोर मोकळी जागा दिसली की धावत सुटणारा हा मुलगा त्या जागेवर रुळला आणि राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला. बाजारातून नवा बचावपटू आणणे सोपे होते; घरच्या खेळाडूला नवी जागा शिकवणे, याला मी बांधणी म्हणतो.

मडगावकर
आणि तो मंदार पुढच्याच हंगामात कोठे होता? मुंबई सिटीत, लोबेरांबरोबर. आपले अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्यूगो बुमू हेही तेथेच. त्या संघाने २०२०-२१ मध्ये साखळी आणि करंडक दोन्ही जिंकले, आणि वाटेत उपांत्य फेरीत पेनल्टीवर आपल्यालाच हरवले. प्रशिक्षकाच्या पाठोपाठ जी निघून जाते ती क्लबची बांधणी नव्हे, ती त्या माणसाची टोळी होय. (शब्द कडक आहे, पण राग अजून गेलेला नाही.) फोंडेकरांचीच कसोटी लावायची तर ती पुरी लावावी.

डिचोलीकर
मडगावकर, करार संपलेले किंवा मोबदला देऊन नेलेले खेळाडू गेले, तर दोष प्रशिक्षकाला की त्यांना सोडणाऱ्या क्लबला? शिवाय मागे कोण राहिले तेही मोजा. ब्रँडन फर्नांडिस आणि एदू बेदिया राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच चॅम्पियन्स लीगमध्ये फातोर्ड्यावर अल रय्यान आणि अल वाहदा यांच्याशी ०-० अशी बरोबरी झाली, पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोल केला. प्रशिक्षक तेव्हा हुआन फेरांडो होते, पण चेंडू पायाशी ठेवून मागून खेळ उभा करण्याची सवय २०१७ पासूनची.

येथे कोणीच मुदतीबद्दल बोलत नाही, हे मला खटकते. गोव्याच्याच धेंपो क्लबने प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाती २००० मध्ये संघ दिला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद २००४-०५ च्या हंगामात आले आणि २०१२ पर्यंत ती पाच झाली. मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. १९८९-९० मध्ये संघ तेरावा होता, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस एफए कप मिळाला. लोबेरांना पुरे तीन हंगामही मिळाले नाहीत.

म्हापसेकर
फर्ग्युसन यांचे नाव प्रत्येक अपयशी प्रशिक्षकाच्या बचावाला येते. चौथ्या वर्षी काढून टाकलेल्या आणि पुढे कोणाच्या स्मरणातही न राहिलेल्या शेकडो प्रशिक्षकांचे येत नाही. कुलासोंची तुलना मात्र विचारात घेण्याजोगी आहे. तरी एक फरक राहतोच: त्यांच्या संघाचा कणा गोव्याच्याच मैदानांवर घडलेल्या मुलांचा होता, तर लोबेरांच्या पहिल्या हंगामात कोरोने एकट्याने १८ गोल केले. पस्तिशीकडे झुकलेल्या परदेशी आघाडीवीरावर उभी असलेली इमारत किती वर्षांची धरायची?

फोंडेकर
कोरोचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. सुपर लीगमध्ये तेव्हा संघ परदेशी खेळाडूंभोवतीच बांधले जात. त्याला आर्थिक कारणे होती आणि ती प्रशिक्षकाच्या हातात नव्हती. त्याच्या हातात सरावाचे मैदान होते. म्हणून मी त्याला तेथले गुण देतो, आणि खेळाडू राखण्याचे गुण क्लबच्या खात्यातून वजा करतो.

मडगावकर
करंडकाच्या वेळी मात्र खाती वेगळी करू नका म्हणजे झाले. २०१९ चा सुपर कप भुवनेश्वरला जिंकला तो कोणाच्या खात्यावर टाकणार, तेवढे आधी सांगा.